टमी टक: चीर किती आणि कुठून, हे नक्की कशावरून ठरतं?

टमी टक म्हणजे पोटावरची सैल कातडी काढून, गरज असेल तर फाकलेले स्नायू शिवून पोट घट्ट करण्याचं ऑपरेशन. त्याबद्दल आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३९, उंची १५८ सेंमी, दोन सिझेरियन, लॅप्रोस्कोपीनं पित्ताशय काढलेलं. आहार आणि व्यायामानं दीड वर्षात वजन ८१ किलोवरून ६६ वर आणलं आणि गेले आठ महिने ते तिथेच आहे. पण ओटीपोटावरची कातडी सैल राहिली, सिझेरियनच्या व्रणावर घडी पडते आणि पावसाळ्यात त्या घडीत पुरळ येतं. पुण्यात तीन सर्जनना दाखवलं. एक म्हणाले मिनी, म्हणजे छोट्या चिरेची, टमी टक पुरेल. दुसरे म्हणाले या कमरेपासून त्या कमरेपर्यंत चीर लागेल. तिसरे म्हणाले उभा व्रणही येईल, तयारी ठेवा. तिघांपैकी बरोबर कोण? आणि सगळ्यात छोटीच चीर हवी असा हट्ट धरला तर बिघडतं काय?

आधी दुसरा प्रश्न घेऊ, पहिल्याचं अर्धं उत्तर त्यातच आहे. हट्ट धरून छोटी चीर मिळवली तर बहुतेक वेळा पोट होतं तसंच राहतं, वर एक व्रण तेवढा पदरात पडतो. लॅप्रोस्कोपीत चीर म्हणजे आत शिरायचा दरवाजा, म्हणून भोक जितकं लहान तितकं चांगलं. टमी टकमध्ये चीर म्हणजे शिवण. काम कातडीचंच आहे, आणि जेवढी कातडी काढाल तेवढी शिवण राहणार. बेंबीपासून पेडूपर्यंत तेरा-चौदा सेंमी उंचीचा पट्टा काढायचा असेल, तर शिवण साधारण त्याच्या तिपटीच्या आसपास जाते. ती जबरदस्तीनं पंधरा सेंमीत बसवली, तर दोन्ही टोकांना कातडीचे कोपरे समोशासारखे उभे राहतात. आम्ही त्यांना डॉग इअर म्हणतो. ते आपोआप बसतील अशी आशा ठेवून वर्ष काढायचं, आणि मग भुलीचं इंजेक्शन देऊन तीच चीर बाजूला लांबवायची. म्हणजे लांबी टळली नाही, पुढे ढकलली गेली.

लांबीपेक्षा महत्त्वाची आहे दिशा. धुऊन धुऊन सैल झालेला उशीचा अभ्रा डोळ्यांसमोर आणा. लांबीला सैल झाला असेल तर आडवी शिवण मारायची, रुंदीला सैल झाला असेल तर उभी. आडवी शिवण कितीही लांब घातली तरी रुंदी कमी होत नाही. पोटाचं अगदी तसंच आहे. आडवी चीर वरून खाली आलेली सैल कातडी काढते. डावीकडून उजवीकडे सैल असलेली कातडी काढायला उभीच लागते. कोणत्या पोटाला कोणती चीर हा सगळा वाद यात संपायला हरकत नव्हती. तो संपत नाही कारण सैलपणा सहसा मिश्र असतो, आणि जुन्या ऑपरेशनांचे व्रण मध्ये येतात.

सैलपणा कोणत्या दिशेला आहे हे घरी बरंचसं कळतं. सकाळी, पोट रिकामं असताना बघा.

पाठीवर उताणं झोपा. पोट बरगड्यांच्या पातळीच्या खाली जाऊन खोलगट झालं, तर दोष कातडीचा आणि स्नायूंच्या आवरणाचा. झोपल्यावरही घागर पालथी घातल्यासारखं गोल राहिलं, तर चरबी आत, आतड्यांभोवती आहे. ती लायपोसक्शननं, म्हणजे कातडीखालची चरबी नळीनं ओढून काढून, निघत नाही आणि टमी टकनंही नाही. अशा पोटाचं आवरण ओढून शिवलं तर आतला दाब वाढतो, श्वास वरवर होतो, आणि पुढे शिवण ढिली पडते. तिथे आधी वजन, मग चिरेची चर्चा.

तसंच झोपून गुडघे दुमडा, डोकं आणि खांदे किंचित उचला, आणि बेंबीच्या दोन-तीन सेंमी वर बोटं आडवी रोवा. दोन्ही बाजूंचे स्नायू ताठ होतात आणि मधली फट बोटांना लागते. ती दोन सेंमीहून जास्त रुंद असेल तर स्नायू फाकलेले आहेत. मधोमध लांबट उंचवटा वर आला तरी तीच खूण. बेंबीत खोकल्यासरशी गोळी येत असेल तर मात्र हर्निया आहे का हे सोनोग्राफीनं बघायला हवं.

आता आरशासमोर उभ्या राहून तीन चिमट्या घ्या. पहिली बेंबीखाली, वरची कातडी खाली आणि खालची वर अशी. दुसरी तशीच, पण बेंबीच्या वर. तिसरी बेंबीच्या वर मध्यरेषेवर, डावी-उजवी. फक्त पहिल्या चिमटीत कातडी येते: मिनीचा विचार होऊ शकतो. पहिल्या आणि दुसऱ्या दोन्हींत येते: पूर्ण आडवी चीर. तिसऱ्या चिमटीत मूठभर कातडी आली आणि ती धरल्यावर कंबर एकदम आत गेलेली दिसली, तर उभी चीर विचारात घ्यायला आधार आहे. शेवटी कमरेतून पुढे वाका आणि बाजूनं कुणाला तरी फोटो काढायला सांगा. बरगड्यांपासूनच पडदा लोंबतो का फक्त ओटीपोट लोंबतं, हे उभं राहून फसवं दिसतं. वाकल्यावर लपत नाही.

मिनीत चीर सिझेरियनच्या व्रणाच्या रेषेतच, त्याहून थोडी लांब असते. बेंबीला हात लावत नाहीत, किंवा तिचा देठ आतून सोडवून तिला दोनेक सेंमी खाली सरकवतात. देठ सोडवला की त्या वाटेनं बेंबीच्या वरचे स्नायूही शिवता येतात, त्यामुळे मिनीत वरचे स्नायू शिवता येत नाहीत हे सरसकट खरं नाही. पण बेंबीच्या वरची कातडी मिनीत घट्ट होत नाही. आणि बेंबी मुळातच खाली असेल तर ती आणखी खाली ओढणं हा अपराध आहे; बेंबी साधारण कमरेच्या हाडांच्या वरच्या टोकांच्या पातळीत शोभते, पेडूला टेकलेली बेंबी लगेच ओळखू येते. मिनी ज्यांना खरंच शोभते त्या बायका थोड्या असतात: सडपातळ, एखादं बाळंतपण, सैलपणा फक्त सिझेरियनच्या व्रणावरच्या वळीपुरता. पंधरा किलो उतरवलेल्या पोटाला ती क्वचितच पुरते.

पूर्ण टमी टकची आडवी चीर कमरेच्या पुढच्या टोकदार हाडांच्या बाहेरपर्यंत जाते. मधोमध ती योनीच्या बाहेरच्या फटीच्या वरच्या टोकापासून सहा-सात सेंमीवर ठेवतात, आणि हे अंतर मोजताना पोटाची कातडी वर ओढून धरलेली असायला हवी. न ओढता मोजलं की ऑपरेशननंतर व्रण वर चढतो आणि अंतर्वस्त्राच्या बाहेर डोकावतो. व्रण उंचावर राहण्याचं हे सगळ्यात साधं आणि सगळ्यात जास्त आढळणारं कारण. सिझेरियनचा व्रण या नव्या चिरेच्या वर पडतो, म्हणजे काढल्या जाणाऱ्या कातडीबरोबर जातो. दोन व्रणांच्या जागी एक लांब व्रण, असा हा व्यवहार आहे.

चीर घेतल्यावर कातडी आणि चरबीचा थर स्नायूंच्या पांढऱ्या आवरणावरून उचलत बरगड्यांकडे जातात. बेंबी भोवतीनं कापून देठावर जागेवरच ठेवतात. पूर्वी हा थर दोन्ही बाजूंना बरगड्यांपर्यंत मोकळा करत. आता मध्यभागी स्नायू शिवण्यापुरता बोगदाच करतात आणि बाजूंना शक्यतो हात लावत नाहीत, कारण बाजूनं येणाऱ्या रक्तवाहिन्यांवरच हा थर पुढे जगणार असतो. फाकलेले स्नायू छातीच्या हाडाच्या टोकापासून पेडूपर्यंत न विरघळणाऱ्या किंवा फार सावकाश विरघळणाऱ्या धाग्यानं जवळ आणतात. मग टेबल कमरेत दुमडून रुग्णाला अर्धवट बसतं करतात आणि थर खाली ओढून बघतात.

पुढचा सगळा निकाल या ओढून बघण्यावर असतो. बेंबीचं जुनं भोक सहज पेडूपर्यंत आलं, तर भोकासकट सगळा पट्टा निघतो आणि फक्त आडवा व्रण राहतो. भोक तीन-चार सेंमी वरच अडलं तर रस्ते दोन. जोर लावून ओढायचं, किंवा ते भोक तिथेच उभ्या रेषेत शिवून टाकायचं. जोर लावला तर मधला भाग, म्हणजे पेडूच्या लगेच वरची कातडी, रक्त न पोचून काळी पडण्याचा धोका. ती जागा रक्तपुरवठ्याच्या दृष्टीनं सगळ्यात लांबची, आणि ताणही सगळ्यात जास्त तिच्यावरच येतो. शहाणा सर्जन दुसरा रस्ता घेतो, आणि त्यातून आडव्या व्रणाच्या वर मधोमध दोन ते चार सेंमीची छोटी उभी रेघ येते. बेंबी उंचावर असलेल्या आणि बेंबीवरची कातडी फारशी सैल नसलेल्या बायकांत ती येण्याची शक्यता मोठी.

त्यामुळे तिसऱ्या सर्जननी उभ्या व्रणाची तयारी ठेवा म्हटलं, त्याचे दोन अर्थ निघतात. एक ही छोटी रेघ. ती गरज पडलीच तर टेबलावर ठरते, आणि तिची आधी कल्पना देणं हे चांगल्या सर्जनचं लक्षण आहे. दुसरा अर्थ छातीच्या हाडाखालून पेडूपर्यंतची पूर्ण उभी चीर. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि सल्ल्याच्या खोलीत तो हमखास हरवतो.

पूर्ण उभी चीर अधिक आडवी, म्हणजे उलटा टी. याला फ्लर-द-ली म्हणतात. ब्लाउजला खांद्याकडून कमी करून भागत नाही तेव्हा शिंपी पुढे टक घेतो, तसलं हे काम. कंबर आत जाते ती याच चिरेनं. वजन घटवण्याच्या ऑपरेशननंतर चाळीस-पन्नास किलो उतरलेल्या पोटांसाठी ती प्रामुख्यानं आहे, किंवा जिथे मध्यरेषेवर जुना लांब व्रण आधीच आहे तिथे, कारण तिथे उभ्या व्रणाची किंमत आधीच मोजून झालेली असते. ती करताना एक पथ्य काटेकोर पाळावं लागतं: उभ्या भागात जेवढी कातडी काढायची तेवढीच उचलायची, त्याच्या पलीकडे आतून मोकळं करायचं नाही. आडवं आणि उभं दोन्हीकडून मोकळं केलं की टीच्या सांध्यावरचे दोन कोपरे रक्ताविना उरतात. सगळं नीट करूनही हा सांधा उकलण्याचं प्रमाण साध्या आडव्या चिरेपेक्षा जास्तच असतं. रुपयाएवढी जखम उघडते, ड्रेसिंगवर तीन-चार आठवड्यांत भरते, पण तिथला व्रण जाड होतो. आपल्या सावळ्या त्वचेत उभा व्रण फुगण्याची आणि काळपट राहण्याची प्रवृत्ती आहे, आणि हा व्रण साडीत झाकत नाही. बेंबीच्या वरची पोटाची पट्टी साडीत उघडीच असते. सलवार-कुर्ता आणि जीन्स वापरणाऱ्या बाईला जे चालेल ते रोज साडी नेसणारीला चालेलच असं नाही, आणि हा प्रश्न सर्जनपेक्षा तिनंच सोडवायचा आहे.

पंधरा किलो उतरलेल्या, बीएमआय २६-२७ च्या पोटात रुंदीचा सैलपणा एवढा असेल असं सहसा दिसत नाही. तिसरी चिमटी खरंच मूठभर असेल तरच हा पर्याय मांडावा. बाजूच्या वळ्या असतील तर त्यांना लायपोसक्शनची जोड देऊन आडवी चीर थोडी मागे लांबवणं हा मधला मार्ग बऱ्याचदा पुरतो.

चीर मागे नेण्याचे टप्पे आहेत. कमरेच्या बाजूपर्यंत नेली तर विस्तारित टमी टक. पाठीवरून पूर्ण फेरी मारली तर बेल्ट लिपेक्टमी, यात नितंब आणि मांडीची बाहेरची बाजूही उचलली जाते, ऑपरेशन दुप्पट लांबतं आणि टेबलावर रुग्णाला पालथं-उताणं करावं लागतं. कमरेला हात लावून पाठीकडेही घडी येत असेल तरच इथवर जायचं.

उलटी टमी टक नावाचा प्रकारही आहे. चीर स्तनांखालच्या घडीत घेतात आणि कातडी वर ओढतात. खालचं पोट ठीक, फक्त बेंबीच्या वर सैलपणा. किंवा पूर्वी टमी टक होऊन वरचं पोट सैल राहिलेलं, अशांसाठी. ओढलेली कातडी बरगड्यांवरच्या घट्ट आवरणाला टाके घालून बसवली नाही तर व्रण हळूहळू पोटावर उतरतो. दोन बाजूंच्या चिरा मधोमध जोडू नयेत. छातीच्या हाडावरचा व्रण फुगण्यासाठी कुप्रसिद्ध आहे.

आता जुने व्रण. पोटाला रक्त तीन वाटांनी येतं: मध्यभागी स्नायूंमधून वर येणाऱ्या वाहिन्या, खालून जांघेकडून येणाऱ्या, आणि बाजूंनी बरगड्यांमधून येणाऱ्या. पूर्ण टमी टकमध्ये मधल्या बऱ्याचशा आणि खालच्या सगळ्या कापल्या जातात. थर जगतो तो बाजूच्या वाहिन्यांवर. म्हणून उघड्या पद्धतीनं पित्ताशय काढल्याचा, उजव्या बरगडीखालचा तिरका व्रण हा या ऑपरेशनचा सगळ्यात मोठा वैरी. त्या व्रणानं उजवीकडची वाट आधीच तोडलेली असते. त्याच्या खालचा, मध्यरेषेकडचा तुकडा मोकळा केला की काळा पडतो. अशा पोटात मोकळं करण्याचं काम फार मर्यादित ठेवावं लागतं, किंवा फक्त लोंबणारा पट्टा काढून थांबावं लागतं. सपाट पोटाचं वचन तिथे देऊ नये.

लॅप्रोस्कोपीच्या छिद्रांनी असं काही होत नाही. पण बेंबीतून दुर्बीण गेलेली असते, तिथे छोटा हर्निया राहिला आहे का आणि बेंबीच्या देठाभोवती घट्ट व्रण आहे का हे बघायला हवं. बेंबीच्या हर्नियात जाळी बसवलेली असेल तर हे आधीच सांगा. देठाचं रक्त खालून, आवरणातून येतं. जाळीनं ते आधीच कमी झालेलं असतं आणि देठ चहूबाजूंनी मोकळा केला की बेंबी जाऊ शकते. अपेंडिक्सचा व्रण खाली उजवीकडे असतो, तो सहसा काढल्या जाणाऱ्या पट्ट्यात येतो आणि सुटका होते. बेंबीखालचा जुना उभा सिझेरियनचा किंवा कुटुंबनियोजनाचा व्रणही बराचसा निघून जातो. भोक अडलं तर तिथली छोटी रेघ त्या जुन्याच रेषेत बसते.

रक्तपुरवठ्याचीच दुसरी बाजू तंबाखू. सिगारेट ओढते का, या प्रश्नाला पुण्यात बहुतेक बायकांचं उत्तर खरोखर नाही असंच येतं, आणि तिथेच चूक होते. मिश्रीबद्दल वेगळं विचारावं लागतं. सकाळी दाताला लावायची मिश्री ही तंबाखूच आहे आणि तिच्यातलं निकोटिन कातडीच्या बारीक वाहिन्या आवळतं. ऑपरेशनच्या आधी निदान चार आठवडे आणि नंतर चार आठवडे पूर्ण बंद. तंबाखू सोडवायला मिळणारे गम आणि पट्ट्याही नकोत, त्यांतही निकोटिन असतं. हे पाळता येणार नसेल तर उलटा टी आणि मोठं मोकळं करणं विसरावं.

व्रण नेमका कुठे बसणार, याला आपल्याकडे एक खास पैलू आहे: परकराची नाडी. पूर्ण टमी टकची चीर मधोमध नाडीच्या बरीच खाली असते, पण बाजूंना ती कमरेच्या हाडाकडे वर चढते. विस्तारित चिरेत टोकं बरोबर नाडीच्या रेषेत येऊ शकतात. रोज घासणारी, घट्ट बांधलेली नाडी ताज्या व्रणावर वर्षभर राहिली तर व्रण फुगतो आणि काळा पडतो. म्हणून मार्किंगच्या, म्हणजे ऑपरेशनआधी पोटावर चीर आखण्याच्या वेळी नेहमीचा परकर आणि नेहमीची अंतर्वस्त्रं घेऊन जा, नेहमी बांधता तिथेच नाडी बांधून दाखवा. ती रेघ पेननं आखून घेऊन चीर तिच्या खाली ठेवता येते. जीन्स वापरत असाल तर ती घालून दाखवा. हे भूल दिल्यावर, आडवं झाल्यावर ठरवता येत नाही. कातडी झोपल्यावर सरकते. मार्किंग उभ्यानंच व्हायला हवं, आणि झाल्यावर दोन्ही टोकांचं जमिनीपासूनचं अंतर टेपनं मोजलेलं बरं. डोळ्यांना सारखी दिसणारी टोकं टेपला दीड सेंमीनं वरखाली निघतात.

चीर बरोबर निवडूनही जे बिघडतं, त्यात पहिला क्रमांक पाणी साचण्याचा, सिरोमाचा. उचललेला थर आणि आवरण यांच्यामध्ये पोकळी राहते आणि तिच्यात पिवळट द्रव जमतो. पोट हलवलं की पाण्याची पिशवी हलल्यासारखं वाटतं. तो टाळायला थर खाली शिवत आणताना दर दोन-तीन सेंमीवर आतून आवरणाला टाके घालतात. यामुळे ताणही वाटला जातो आणि कातडीच्या शिवणीवर कमी येतो. बेंबीखालचा चरबीचा खोल पातळ थर जागेवर ठेवला तरी पाणी कमी साचतं. नळ्या ठेवल्या असतील तर चोवीस तासांत ३० मिलीच्या खाली आल्यावर काढतात. पाणी साचलंच तर दर काही दिवसांनी सुईनं काढावं लागतं, दुखत नाही कारण ती जागा बधिरच असते. बेंबीखालचा बधिरपणा काही महिने राहतो, मधला थोडा भाग कायमचाही राहू शकतो. गरम पाण्याची पिशवी त्या काळात पोटावर घेऊ नका. भाजलेलं कळत नाही.

कमरेच्या पुढच्या हाडाजवळून मांडीच्या बाहेरच्या बाजूची संवेदना नेणारी नस जाते. चीर लांबवताना तिथे चरबीचा थर राखला नाही तर मांडी झिणझिणत राहते. लांब चिरेची ही एक न सांगितली जाणारी किंमत.

सगळ्यात गंभीर मात्र पोटरीत गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणं. सौंदर्यशस्त्रक्रियांमध्ये टमी टकला हा धोका जास्त असणाऱ्यांत धरतात. संततीनियमनाच्या गोळ्या चालू असतील तर चार ते सहा आठवडे आधी डॉक्टरांशी बोलून थांबवाव्या लागतात. ऑपरेशनच्या संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी उठून चालायचं, कमरेत वाकून का होईना. सातारा-सांगलीहून येणाऱ्यांनी पहिला आठवडा पुण्यातच काढावा. गाडीत सलग काही तास पाय दुमडून बसणं आणि वर खड्डे, दोन्ही नको. परदेशी परतायचं असेल तर विमानासाठी तीन-चार आठवडे धरा.

रोजच्या व्यवहाराचं थोडक्यात. आठ-दहा दिवस वाकून चालणं, झोपताना गुडघ्यांखाली उशी. भारतीय पद्धतीच्या संडासात बसणं चार आठवडे टाळा, आणि बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, जोर करणं स्नायूंच्या टाक्यांना मानवत नाही. स्कूटर तीन-चार आठवड्यांनी. पाच किलोच्या वरचं ओझं सहा आठवडे नाही, त्यात मूलही आलं आणि भरलेली कळशीही. पोटाला आधार देणारा, कमरेभोवती बांधायचा पट्टा सहा आठवडे. एप्रिल-मेमध्ये पट्ट्याखाली घामोळं येतं, आतून सुती बनियन घाला. ढोल पथकात असाल तर त्या वर्षीचा गणपती सोडून द्या: कमरेला बांधलेला ढोल बरोबर या व्रणावर आणि नव्या टाक्यांवर आपटतो. व्रणावर जखम पूर्ण बंद झाल्यावर सिलिकॉनची जेल किंवा पट्टी निदान तीन महिने. वर्ष-दीड वर्षात तो फिकट होतो, त्याआधी त्याच्यावरून निकाल देऊ नये.

बिलाबाबत एवढंच: सौंदर्यशस्त्रक्रियेवर १८ टक्के जीएसटी लागतो आणि मेडिक्लेम ती देत नाही. सोबत हर्निया निघाला तर त्याचा भाग विम्यात बसतो का हे कंपनीकडून आधी लेखी विचारून घ्या. सर्जन प्लास्टिक सर्जरीतले एम.सीएच. किंवा डी.एन.बी. आहेत ना, तेही बघून घ्या.

मग तिघांपैकी बरोबर कोण? दिलेल्या माहितीवरून पारडं दुसऱ्यांकडे झुकतं. दोन सिझेरियन आणि पंधरा किलो घट म्हणजे बेंबीच्या वरही सैलपणा असण्याची शक्यता मोठी, आणि तो मिनीत सुटत नाही. दुसऱ्या चिमटीत काहीच आलं नाही तर मात्र पहिले बरोबर ठरतील. तिघांकडे परत जाऊन एकच गोष्ट मागा: उभ्यानं, परकराच्या नाडीसकट, पोटावर पेननं चीर आखून दाखवा आणि मला तिचा फोटो काढू द्या. फोटो शेजारी ठेवले की मतभेद नेमका किती सेंमीचा आहे ते दिसेल. आणि तिसऱ्यांना जास्तीचा एवढाच प्रश्न: उभी रेघ बेंबीच्या वर जाणार, की खालीच थांबणार?